तुवालूचा शपथविधी पाण्यात झाला नव्हता, मामा

परवा मामांनी फॅमिली ग्रुपवर तुवालू या प्रशांत महासागरातल्या चिमुकल्या बेटांच्या देशाबद्दल मेसेज टाकला आणि सकाळ व्हायच्या आत मामींनी तो सोसायटीच्या ग्रुपवर पोचवलाही. मजकूर असा: ‘तुवालू देशात एकही पक्ष नाही, म्हणून भांडणंही नाहीत. २०२४च्या निवडणुकीनंतर सगळ्यांनी महिनाभर विचारविनिमय करून एकमताने पंतप्रधान निवडला. बुडालेल्या संसदेत गुडघाभर पाण्यात शपथविधी झाला. ही शेवटची निवडणूक; आता सगळी जनता ऑस्ट्रेलियाची नागरिक. आपणही पक्ष बंद करू या!’ खाली फोटो: सूट-टाय घातलेला, पँट दुमडून पाण्यात उभा माणूस, समोर पोडियम.

आधी हा फोटोच घ्या. हे सायमन कोफे. फोटो २०२१चा. तेव्हा ते परराष्ट्रमंत्री होते आणि ग्लासगोच्या हवामान परिषदेसाठी त्यांनी मुद्दाम समुद्रात उभं राहून भाषण रेकॉर्ड केलं होतं. शपथविधीशी याचा काडीचा संबंध नाही. कोफे पंतप्रधान झालेच नाहीत. २०२४ला त्यांनी राजधानी फुनाफुटीची जागा राखली. त्याच मतदारसंघात तेव्हाचे पंतप्रधान कौसेया नातानो मात्र आपटले.

पक्ष नाहीत हे खरं. एवढं मान्य. १६ खासदार, आठ मतदारसंघांतून दोन-दोन, सगळे अपक्ष. पण म्हणून भांडणं नाहीत? मामा, तुम्ही गावची ग्रामपंचायत जन्मभर पाहिलीत. ‘बिनविरोध’ म्हणजे काय असतं ते मी तुम्हाला सांगू? अकरा हजारांच्या आसपास वस्तीचा देश आहे तो. पक्ष नसला की गट असतात, आणि एक माणूस इकडचा तिकडे गेला की सरकार पडतं. २०१३ साली पंतप्रधान विली तेलावी पोटनिवडणूकच घेईनात. न्यायालयाने घ्यायला लावली. ती विरोधकांनी जिंकली आणि १५ जणांच्या सभागृहात तेलावींचं बहुमत गेलं. मग ते संसद बोलवायला टाळाटाळ करू लागले. शेवटी गव्हर्नर जनरलनी त्यांना बडतर्फ केलं, तर हे उलट ब्रिटनच्या राणीला (तीच तुवालूचीही राणी) पत्र लिहून गव्हर्नर जनरललाच काढायला निघाले. याला म्हणायचं शांतता!

२०२४लाही वाद होताच. २६ जानेवारीच्या मतदानाच्या अकरा दिवस आधी शेजारच्या नाउरूने तैवानशी राजनैतिक संबंध तोडून चीनला धरलं, त्यामुळे तैवानला मान्यता देणाऱ्या तुवालूतही तैवानचं काय, यावर चर्चा पेटली.

आणि महिनाभराचा तो ‘विचारविनिमय’? विमानतळ एकट्या फुनाफुटीला. बाकी बेटांवरचे खासदार बोटीने येतात, हवामान बिघडलं होतं, बोटी अडकल्या. म्हणून फेलेती तेओ यांची पंतप्रधानपदी निवड २६ फेब्रुवारीपर्यंत लांबली. बिनविरोध झाली हे खरं, पण समुद्र खवळला होता हे मेसेज लिहिणाऱ्याने गाळलं.

सगळ्यात घातक थाप ऑस्ट्रेलियाची. नोव्हेंबर २०२३मध्ये ऑस्ट्रेलिया आणि तुवालूत सही झालेला फालेपिली करार वाचा, लांबलचक नाही. त्यानुसार वर्षाला फार तर २८० जणांना ऑस्ट्रेलियात राहायची, शिकायची, काम करायची मुभा. नावं सोडतीने निघतात. नागरिकत्व नव्हे, व्हिसा. उलट समुद्र वाढला तरी तुवालूचं राष्ट्रपण आणि सार्वभौमत्व कायम राहील, हे याच करारात मान्य केलंय. तुवालूनेही २०२३च्या राज्यघटनेत तेच लिहून ठेवलं. पाणी वाढतंय, भरतीला जमिनीतून खारं पाणी वर येतं, पुलाका हा कंद ज्यात लावतात ते खड्डे नासतात. हे कुणी नाकारत नाही. पण ती माणसं फुनाफुटीच्या किनाऱ्यावर भराव टाकून नवी जमीन उभी करतायत आणि इथे आपण त्यांना परस्पर सिडनीला पाठवून मोकळे.

मामी, तेवढं सोसायटीच्या ग्रुपवरून डिलीट करा. ‘सर्वांसाठी’ वालं बटण.