वॉटर पंप, पुन्हा एकदा

गाडीखाली पुन्हा हिरवं थारोळं, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं कूलंट सांडलेलं! ते इंजिनात फिरवणारा वॉटर पंप गळतोय हे शेंबडं पोरही सांगेल, पण आमचे मिस्त्री आधी होजपाइपच्या क्लिपा आवळणार, मग रेडिएटरचं झाकण बदलणार, मग थर्मोस्टॅट. अहो, पंपाच्या अंगाला एक बारीक भोक मुद्दाम ठेवलेलं असतं. आतलं सील गेलं की कूलंट बेअरिंगमध्ये न शिरता तिथून बाहेर ठिबकावं म्हणून. तिथे बॅटरी मारून बघा ना! तर एका महाभागाने त्या भोकालाच एमसील फासलं. वर म्हणे, "साहेब, आता थेंब पडणार नाही." नाहीच पडणार, सगळं बेअरिंगमध्ये जाणार!

कूलंट कमी झालं की ओत बोअरचं पाणी. क्षारच क्षार, नव्या सीलचीही वाट. मग खंबाटकी घाटाच्या चढाला तापमानाचा काटा लालकडे सरकला की एसी बंद, इंजिनची उष्णता काढायला हीटर चालू. मे महिन्यात!

आमच्या गाडीत हा पंप टायमिंग बेल्टवर (इंजिनचे व्हॉल्व्ह वेळेवर हलवणाऱ्या पट्ट्यावर) फिरतो, म्हणजे अर्धं इंजिन उघडायचं. त्याच वेळी बेल्टही बदला म्हटलं तर "चालेल की अजून." पुन्हा उघडायची मजुरी काय तुझा काका देणार?