घर सगळ्यांचं, चावी एकाकडे

"दार फुगलंय. नुसतं ढकलून नाही उघडायचं ते. कडी धरून वर उचल आणि मग खांदा लाव," दादा मागून म्हणाला. मी उचललं, खांदा लावला, शर्टाला गंज लागला, दार जागच्या जागी. शेवटी त्यानेच उघडलं, एका हाताने. दुसऱ्या हातात फोन होता आणि त्याचं कुणाशी तरी बोलणं चालूच होतं.

पाच वर्षांनी मी आमच्या जुन्या घरी गेलो होतो. खापरपणजोबांनी बांधलेलं घर. माझ्या मुलीपर्यंत मोजलं तर सहा पिढ्या होतात. आजी गेल्यापासून तिथे कुणी राहत नाही. दादा, म्हणजे माझा चुलतभाऊ, दोन घरं पलीकडे राहतो आणि दर रविवारी येऊन दारं-खिडक्या उघडून जातो. हे मला माहीत होतं. म्हणजे एखाद्या गोष्टीची आपल्याला माहिती असते ना, तेवढंच.

आत गेल्यावर पहिलं काय जाणवलं, तर घर लहान झालंय. ज्या जिन्यावरून उतरताना लहानपणी छातीत धडधडायचं, त्याच्या पायऱ्या मोजल्या तर अकरा. ज्या कोनाड्यापर्यंत हात पोचावा म्हणून पाटावर पाट ठेवून चढायचो, तो आता माझ्या छातीशी येतो. घर तेवढंच आहे हे उघड आहे. तेव्हा आपले डोळे जमिनीपासून तीन फुटांवर होते, मोजपट्टी आपलंच शरीर होतं. तरी फसवल्यासारखं वाटतं खरं.

आणि मग मी वर पाहिलं. कौलं नव्हती. पत्रे होते.

मी खरंच चिडलो. "विचारायचं तरी एकदा!" असं काहीतरी बोलून गेलो. दादा काही बोलला नाही. तो असा गप्प बसतो तेव्हा समोरच्याने सावध व्हावं, पण मी कुठला सावध होतोय. मी घराचं मूळ रूप, वारसा, आपली ओळख वगैरे सुरू केलं. त्याआधी दहा मिनिटं मी उंबरठ्याचा फोटो काढून इथेच फेसबुकवर टाकला होता, 'मुळांकडे' असं लिहून. काहींना आठवत असेल. बदामांचा पाऊस पडला होता त्यावर.

दादाने कोपऱ्यातली एक काठी घेतली आणि जिन्यावरची तुळई ठोकली. टक्. मग हातभर पुढे ठोकली. तिथला आवाज वेगळा आला, रिकाम्या डब्यासारखा. "वाळवी," तो म्हणाला. "वरून पापुद्रा शाबूत ठेवते. पॉलिश करून फोटो काढ, झकास येईल. आत काही नाही." भिंतीवरून तुळईपर्यंत गेलेली मातीची बारीक नळी त्याने बोटाने मोडून दाखवली. वाळवीला उघड्यावरची कोरडी हवा सोसत नाही. ती जमिनीतली ओल धरून राहते, आणि वर चढायचं तर मातीचा बोगदा बांधत चढते. ती नळी वेळेवर दिसली तर घर वाचतं. पण दिसायला तिथे कुणीतरी असावं लागतं.

पत्र्यांची गोष्टही तीच. कौलं दरवर्षी उतरवून, फुटकी बदलून पुन्हा शाकारावी लागतात. ते काम करणारी माणसं आता मिळत नाहीत, मिळाली तरी रिपा, म्हणजे कौलांखालच्या लाकडी पट्ट्या, इतक्या कुजलेल्या की वर चढायला कुणी तयार नाही. एका पावसात माळ्यावर सलग गळलं तेव्हा त्याने घरच्यांच्या ग्रुपवर लिहिलं होतं. मी आत्ता मागे जाऊन शोधलं. मेसेज आहे. त्याखाली माझा रडका चेहरा आहे, एका काकांचे जोडलेले हात आहेत आणि लगेच खाली कुणाच्या तरी वाढदिवसाच्या शुभेच्छा. मग त्याने पत्रे टाकले.

इथपर्यंत मी थोडा ओशाळलो होतो, पण माझ्याकडे एक हुकमाचा पत्ता होता. पंधरा वर्षांपूर्वी घराला पैसे देणारा पहिला माणूस मी. दर्शनी भिंतीचा गिलावा पडला होता, तो मी स्वतःच्या खर्चाने नवा करून घेतला होता. चांगला, मजबूत, सिमेंटचा.

वहिनींनी मला ती भिंत दाखवली. "भावजी, ही तुमची भिंत," असं म्हणून. त्या हसत होत्या, पण टोमणा नव्हताच असं नाही. कमरेपर्यंत लोणा लागला होता, पांढरी पूड हाताला येत होती, पोपडे सुटले होते. एका ठिकाणी गिलाव्याचा ताटाएवढा तुकडा पडला होता आणि आतली जुनी वीट बोटाने उकरली जावी इतकी मऊ झाली होती.

त्या रात्री मी यावर थोडं वाचलं, आणि वाचताना कान गरम होत गेले. जुनी भिंत चुन्याची असते. चुनखडी भाजायची, चुनकळी पाण्यात विरवायची, मुरवायची, मग विटांमधल्या सांध्यांत आणि गिलाव्यात वापरायची. तो चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत घेत सावकाश पुन्हा चुनखडी होतो. मला हे फार आवडलं, दगडाचा चुना आणि चुन्याचा परत दगड. असा चुना विटेपेक्षा मऊ असतो, घर जरा हललं तर तो ते सोसतो. आणि त्यातून वाफ आरपार जाते. जमिनीतून चढलेली ओल भिंतीच्या पृष्ठभागावरून उडून जाते. त्या घरांना पायात ओलरोधक थर नसायचा, कारण भिंत दोन्ही अंगांनी वाळत राहील हे गृहीत होतं. आपण बाहेरून सिमेंट थापलं की ती वाट बंद. ओल आतच कोंडते, वर सरकते, सोबतचे क्षार विटेत साठतात आणि विटेचं पीठ करतात. पोर्टलंड सिमेंटचं पेटंट जोसेफ अ‍ॅस्पडिनने 1824 मध्ये घेतलं. आमच्या घरापर्यंत ते यायला बराच काळ लागला, आणि आलं ते माझ्या हातून.

म्हणजे हिशेब असा: मी ज्यावर चिडलो त्या पत्र्यांनी घर वाचवलं, आणि मी ज्याचा अभिमान बाळगला त्या गिलाव्याने ते पोखरलं. वाळवीने तुळईचं केलं तेच मी भिंतीचं केलं, वरून शाबूत.

मला या पोस्टमध्ये नुसती कबुली द्यायची नाहीये. मला भांडायचंय. आपल्यासारख्यांशीच.

जुन्या घराबद्दल आपण जे बोलतो त्यात नव्वद टक्के (हा आकडा माझ्या मनातला, मोजायला जाऊ नका) स्वतःविषयी असतं. माझं बालपण, माझी सुट्टी, माझी आजी. यात वाईट काही नाही. 'नॉस्टॅल्जिया' हा शब्दच मुळात घराच्या ओढीचा आहे. 1688 मध्ये योहानेस होफर नावाच्या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने ग्रीक शब्द जोडून तो बनवला, घरी परतणं अधिक वेदना, आणि तो एक आजार म्हणून मांडला. खरा उपाय त्याच्या मते एकच, रोग्याला घरी धाडा. आमची अवस्था मात्र उलटी आहे. आम्ही घरी जातो, दोन दिवस राहतो, बरे होऊन परततो, आणि आजारी पडतं ते घर.

कारण बंद घर चालत्या घरापेक्षा लवकर ढासळतं. हे मला अंधश्रद्धेसारखं वाटायचं, 'माणसं नसली की घर खंगतं' वगैरे. पण यात गूढ काहीच नाही. हवा खेळत नाही म्हणून बुरशी धरते. पन्हळीत पाचोळा अडकतो, पाणी भिंतीवर ओघळतं आणि आठ महिने कुणाला कळत नाही. एक कौल सरकतं, त्याखाली एक रीप कुजते, मग तिच्याशेजारची. राहता माणूस ही कामं 'काम' म्हणून करतच नाही. तो खिडकी उघडतो, जाता जाता बादली खाली ठेवतो, काठीने पाचोळा पाडतो. चुलीचा धूरसुद्धा वर चढून वासे कोरडे ठेवायचा, किडीला दूर ठेवायचा. जपानमध्ये शिराकावा-गो इथल्या गवती छपरांच्या काही घरांत याच कारणासाठी अजून आतमध्ये विस्तव पेटता ठेवतात.

मी हे धुराचं मोठ्या कौतुकाने सांगायला गेलो तर वहिनी म्हणाल्या, "वासे टिकले खरे. आजींचे डोळे बारा महिने लाल असायचे, ते तुम्ही सुट्टीत आलात तेव्हा दिसले नाहीत का?"

नाही दिसले. त्या स्वयंपाकघराच्या अंधाराला मी आजवर 'गारवा' म्हणत आलोय. जुन्या घराच्या आठवणी लिहिणारे बहुतेक अंगणात खेळलेले असतात. धुरात बसलेल्यांच्या आठवणी कुणी विचारत नाही.

आता हिश्शांचं. पणजोबा एकुलते एक. त्यांना तीन मुलगे, त्यातले एक माझे आजोबा. आजोबांना चार मुलं. माझ्या वडिलांना आम्ही दोघं. म्हणजे एक तृतीयांशाचा पाव, त्याचा निम्मा: चोविसावा भाग. दादाचाही तेवढाच. सगळ्या शाखा धरून आम्ही आज एकोणीस हिस्सेदार आहोत, आणि पुढच्या पिढीत किती होतील ते मी मोजलं नाही. घर विटा-लाकडाचं असतं, ते वाटता येत नाही. मात्र नकार वाटता येतो, आणि तो प्रत्येकाला अख्खाच्या अख्खा मिळतो. विकायचं नाही, माझ्या मनाला लागेल. पाडायचं नाही, आजोबांची आठवण आहे. भाड्याने द्यायचं नाही, परकी माणसं नकोत. पत्रे घालायचे नाहीत, शोभत नाहीत. मग करायचं काय, तर 'बघू'. चोविसावा भाग असलेल्या माणसाचं हे 'बघू' सोळा आणे चालतं.

आपल्याच घरी असं होतं असंही नाही. जपानच्या 2023 च्या पाहणीत रिकामी घरं सुमारे 90 लाख निघाली, एकूण घरांच्या 13.8 टक्के. माणसं कमी होताहेत हे कारण आहेच, पण वडिलोपार्जित मालमत्ता कुणी स्वतःच्या नावावर करून घेत नाही आणि पिढ्यांनंतर मालक कोण तेच सापडत नाही, हीही त्यातली डोकेदुखी. शेवटी एप्रिल 2024 पासून तिथे वारसाने तीन वर्षांत नोंद करणं सक्तीचं झालं. कायद्याने नावं लागतील. पाचोळा कोण काढणार?

माझं मत आता असं झालंय, आणि आमच्या ग्रुपवर ते फारसं कुणाला आवडलेलं नाही. कागदावर हिस्सा ज्याचा त्याचा राहू दे. पण घराचं काय करायचं हे ठरवताना ज्याच्या हाताला त्या घराची माती लागते त्याचा शब्द वजनदार असावा. ज्याला येणं जमत नाही त्याने येऊ नये, परदेशात असेल, आजारी असेल, अडचणी असतात, मान्य. पण मग निदान त्याने आडवं पडू नये. दादाला पत्रे घालावेसे वाटले, घालू दे. उद्या तो म्हणाला की अर्धं पाडून अर्धं नीट ठेवू, तर मी विचारेन की कोणतं अर्धं, पण 'कसं पाडवतं रे तुला' असं म्हणणार नाही.

'मूळ रूपा'चा हट्टही मी सोडलाय. जपानमधलंच इसेचं मंदिर दर वीस वर्षांनी शेजारच्या जागेवर नव्याने बांधतात, शेवटचं 2013 मध्ये बांधलं. लाकूड नवं, आणि तरी ते शतकानुशतकांचं मंदिर, कारण बांधण्याची हातोटी एका पिढीकडून दुसरीकडे जाते. आमच्याकडे नेमकं उलट आहे. लाकूड जुनं आहे आणि ते सांभाळायचं कसं हे एकोणिसातल्या एकालाच येतं.

विल्यम मॉरिस आणि त्याच्या मित्रांनी 1877 मध्ये इंग्लंडमध्ये जुन्या इमारती जपण्यासाठी संस्था काढली, तेव्हा त्यांचा सगळा रोख हौशी जीर्णोद्धारावर होता. जुनं खरवडून 'मूळचं' बनवण्यापेक्षा रोजची देखभाल करा, गळकं छप्पर वेळेवर सांधा, असं त्यांचं म्हणणं. हे वाचल्यावर मला रविवारच्या रविवारी खिडक्या उघडणारा दादा आठवला. तो मॉरिस वाचायला बसणार नाही. त्याला वेळ नाही.

तर मी तीन दिवस जास्त राहिलो. दादा आणि मी मिळून माझ्या भिंतीवरचं सिमेंट काढायला घेतलं, छिन्नी-हातोडीने, हलक्या हाताने, कारण जोरात मारलं की सिमेंटसोबत वीटही येते. तीन दिवसांत दोन खिडक्यांमधला भाग झाला. उरलेली भिंत तशीच आहे. आता तिला काही महिने नुसतं वाळू द्यायचं, मग चुना. चुन्याचं काम जाणणारा एक म्हातारा गवंडी दादाने शोधून ठेवलाय. त्याने भिंत पाहिल्यावर पहिला प्रश्न विचारला, "हे सिमेंट कुणी लावलं?" दादा म्हणाला, "होता एक."

निघताना मी दार ओढलं. लागलं नाही. उचललं, ओढलं, तरी नाही. दादा पायरीवर उभा राहून बघत होता, या वेळी मदतीला आला नाही. चौथ्या खेपेला लागलं.

काल ग्रुपवर मी लिहिलं की पावसाआधी पन्हळ साफ करणं आणि तुळई बदलताना हजर राहणं ही दोन कामं माझ्याकडे, आणि भिंतीच्या चुन्याचा खर्चही. पाच अंगठे आले. दादाचा आला नाही, त्याने बहुधा पाहिलंच नसेल. रात्री उशिरा एका काकांचा मेसेज आला: "छान उपक्रम. पण ते पत्रे कधी काढणार?"