मनगटावरची एफडी? जरा थांबा

काल भाच्याचा फोन. "मामा, पर्सनल लोन काढतोय. ९ लाखांचं घड्याळ घ्यायचंय. गुंतवणूक म्हणून." हे खूळ आलं कुठून, तर फॅमिली ग्रुपवरच्या त्या मेसेजमधून, जो मलाही पंधरा दिवसांत चारदा आलाय: 'श्रीमंत लोक सोनं नाही, स्विस घड्याळ घेतात.' खाली चार मुद्दे आणि जोडलेल्या हातांची रांग.

मुद्दा पहिला: 'रोलेक्सची किंमत कधीच उतरत नाही. साधं स्टीलचं घड्याळ पावणेदोन कोटी डॉलरला गेलं!' गेलं ना. ऑक्टोबर २०१७, न्यूयॉर्क, फिलिप्सचा लिलाव, १,७७,५२,५०० डॉलर. पण घड्याळ कुणाचं? हॉलिवूडच्या पॉल न्यूमनचं. बायकोने, जोअन वुडवर्डने, मागच्या बाजूला 'गाडी जपून चालव' असं कोरून घेऊन दिलेलं. तशा डायलची डेटोना (हे रोलेक्सचं मॉडेल) तेव्हा दुकानात पडून असायची, गिऱ्हाईक मिळत नसे. न्यूमनने ती वर्षानुवर्षं वापरली आणि १९८४ मध्ये मुलीच्या मित्राला देऊन टाकली, कारण त्या पोराकडे घड्याळच नव्हतं. लिलावात भाव आला तो त्या मनगटाला. आमच्या भाच्याच्या मनगटाला तसा भाव येईल असं माझ्या बहिणीलाही वाटत नाही.

बरं, काही मोजकी मॉडेल्स शोरूमपेक्षा बाहेर जास्त किमतीला विकली जातात, हे कबूल. पण ती गेल्या गेल्या काउंटरवर मिळत नाहीत. नाव नोंदवून बसावं लागतं. शिवाय सेकंडहँड बाजार २०२२ च्या सुरुवातीपर्यंत चढला आणि मग चांगलाच आपटला. 'कधीच उतरत नाही' म्हणे!

आता हप्ता बघा. ९ लाख, १४ टक्के, ३ वर्षं: महिना सुमारे ३०,८०० रुपये. नुसतं व्याजच दोन लाखांवर. म्हणजे घड्याळ ११ लाखांना विकलं तरी भाच्याच्या हातात काही उरत नाही. बांगडी सराफाकडे नेली तर घट कापून का होईना, लगेच पैसे. घड्याळ नेलं की चौकशी सुरू: बॉक्स आहे? वॉरंटी कार्ड? पॉलिश केलंय का? वर दलालाचं कमिशन.

दुसरा: 'वेळ अगदी अचूक.' साफ खोटं. स्वित्झर्लंडची सीओएससी ही संस्था क्रोनोमीटरचं, म्हणजे अचूक घड्याळाचं, प्रमाणपत्र देते, तीच यांत्रिक, म्हणजे स्प्रिंगवर चालणाऱ्या, घड्याळाला दिवसाला सरासरी ४ सेकंद मागे ते ६ सेकंद पुढे इतकी सूट देते. म्हणजे महिन्याला तीन मिनिटांपर्यंत. सेकोने २५ डिसेंबर १९६९ ला विकायला काढलेलं पहिलं क्वार्ट्झ (बॅटरीवरचं) मनगटी घड्याळ महिन्याला पाच सेकंदांच्या आत राहायचं.

आणि तरीही मी रोज सकाळी बाबांच्या एचएमटीला चावी देतो. बॅटरी नाही, काही नाही, गुंडाळलेली स्प्रिंग उलगडतेय आणि काटे फिरतायत. मागे काचेचं झाकण असलेलं एखादं स्विस घड्याळ मलाही हवंय, खोटं कशाला बोलू? हौसेला मोल नाही म्हणतात. हौसेला परतावा असतो असं कुणी म्हटलं नव्हतं.

तिसरा, 'देखभालीचा खर्च शून्य': आतलं तेल सुकतं, काही वर्षांनी सगळं उघडून साफ करून तेल घालावं लागतं. स्विस घड्याळाचं ते बिल एकदा विचारून या.

चौथा, 'समोरचा आधी मनगट बघतो': बघतो, आणि मनात म्हणतो, डुप्लिकेट असणार.

लोनच्या फॉर्मवर भाच्याची सही व्हायचीय. शनिवारी जाणार आहे म्हणतो बँकेत. म्हणून हे आजच त्याच ग्रुपवर टाकतोय.