आमच्या शेडमध्ये रायफलचं काम चालतं

लेथवर, म्हणजे धातू कातायच्या यंत्रावर, काम करणं सोपं आहे हो. आपण काय करतोय ते चारचौघांना सांगणं अवघड.

व्हीआरएस घेतल्यावर लोक चारधामला जातात, मी भंगारातून एक जुनी लेथ उचलली आणि चिंचवडला घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये बसवली. तोवर गल्लीची काही हरकत नव्हती. मग १ ऑगस्ट २०२४ ला कोल्हापूरकडच्या स्वप्नील कुसळेने पॅरिसच्या ऑलिंपिकला नेमबाजीत ब्राँझ मारलं, आणि आमच्या कन्येने बालेवाडीच्या रेंजवर नाव घातलं. दहा मीटर एअर रायफल.

या खेळात दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. साहजिकच पोरं रायफलच्या तोलाबद्दल सासूपेक्षा चिकित्सक होतात. "बाबा, पुढे शंभर ग्रॅम हवेत." बाहेरून मागवायचं तर लोखंडाच्या त्या तुकड्यासाठी पीएफ मोडावा लागेल. मी म्हटलं, हात्तिच्या! ३० मिलिमीटर व्यास, १८ मिलिमीटर लांबी, की स्टीलचा भरीव तुकडा शंभर ग्रॅम भरतो. स्क्रूचं भोक पाडलं की चारेक ग्रॅम उतरतात, म्हणून लांबी मिलिमीटरभर जास्त ठेवायची आणि फेसिंग घेत घेत, म्हणजे तोंडाकडून बारीक थर कापत, खाली आणायची. टूलला धार असेल तर कापून निघणारी धातूची फीत, आमच्या भाषेत बर, अशी निळसर, लांब, गुंडाळत निघते की बघत राहावं. एक कट घ्यायचा, जॉब म्हणजे तो तुकडा काढायचा, पुसायचा, बायकोच्या केकच्या काट्यावर ठेवायचा. (काट्याला तेल लागलं की कट थांबतो, घरातला.) शेवटी अख्खी रायफल साडेपाच किलोच्या आतच राहायला हवी, नाहीतर स्पर्धेत तपासणीलाच अडवतात.

एवढंच काम. पण पुण्यात बोहरी आळीच्या हार्डवेअर बाजारात गेलो, भोकात आटे पाडायचा सहा मिलिमीटरचा टॅप मागितला. दुकानदार सहज म्हणाला, "कशासाठी?" मी म्हटलं, "रायफलला." मागे उभी असलेली तीन गिऱ्हाइकं चहाला गेली. आता मी 'शिलाई मशीनला' म्हणतो.

घरी मावशींनी शेड झाडताना हे ऐकलं असावं. संध्याकाळपर्यंत चार घरांत निरोप पोचला : साहेब बंदुका करतात! शेजारच्या नानांनी कंपाउंडवरून घसा खाकरला. "कायदा बघितलाय का?" बघितलाय म्हटलं. १९५९ चा शस्त्र कायदा. बंदुकीचे भाग परवान्याशिवाय बनवणं गुन्हा आहे. म्हणून तर नळी, ट्रिगर यांना मी बोट लावत नाही. मी वजनं करतो आणि गालाखालच्या पट्टीचे नर्लिंगवाले, म्हणजे खरखरीत पकडीचे, नॉब. आणि साडेचार मिलिमीटरच्या, वीस ज्यूलच्या आतल्या जोराच्या एअर रायफलला परवानाच लागत नाही. नाना म्हणाले, "ज्यूल आमच्याकडे कोण मोजणार?"

अशात कन्येच्या पासपोर्टच्या चौकशीला हवालदार आले. मी नेमका ॲप्रनवर, हात काळे, चकमध्ये जॉब फिरतोय. दारातूनच मावशींनी उत्साहाने माहिती पुरवली, "रायफलचं चाललंय. बसा, चहा टाकते."

हवालदारांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मी वजन दाखवलं, रेंजचं ओळखपत्र दाखवलं, कन्येची प्रशस्तिपत्रकं दाखवली, घाबरून दहावीची मार्कलिस्टही दाखवली. त्यांनी ते वजन तळहातावर खालीवर केलं, कडेवरून नख फिरवून बघितलं. नख कुठे अडलं नाही.

"फिनिश चांगलंय," ते म्हणाले. मग दाराकडे बघून आवाज खाली आणला. "साहेब, एक बुलेटचं काम होतं."

माझ्या तोंडचं पाणी पळालं.

"स्विंग आर्मचा बुश गेलाय हो. शोरूमवाले अख्खा सेट घ्या म्हणतात."

इतका हलका झालो की आवाजाचं भान राहिलं नाही. "करू की! पण पितळेचा टिकणार नाही, गनमेटलचाच करू!"

कंपाउंडपलीकडे नानांचा पेपर खाली पडला.

"किती घ्याल?" हवालदारांनी विचारलं.

"तुमच्याकडून काय घ्यायचं!" मी म्हटलं. हे तर नानांनी फारच नीट ऐकलं.