‘दुखावलेली माणसं’: एका प्रतिक्रियेला उत्तर

चर्चच्या मंडळीतल्या हुकूमशाहीची लक्षणं सांगणाऱ्या माझ्या लेखावरची आपली प्रतिक्रिया तीनदा वाचली. पहिल्यांदा रागाने, मग शांतपणे, मग पुन्हा रागाने.

जे बरोबर आहे ते आधी. बायबलमधल्या स्तोत्र 105 च्या जागी माझ्याकडून 103 पडलं होतं. दुरुस्त केलंय, आभार.

आता ते वाक्य. ‘तुमच्यासारख्या दुखावलेल्या माणसांना प्रत्येक पाळकात हुकूमशहाच दिसतो.’ आणि खाली सही, ‘प्रभूमध्ये तुमचा भाऊ’! अहो, एवढं टोचून बोलायचं तर सही तरी साधी करायची.

दुखावलेला आहे मी. कधी लपवलं? अकरा वर्षं एका मंडळीत काढली. नाव घेत नाही, घेणारही नाही. त्यातली सहा वर्षं मी स्वतः घरगुती प्रार्थनागट चालवला, म्हणजे नुसतं सोसलं नाही, इतरांवर लादलंही. नोकरी बदलायची तर आधी पाळकांना विचारायचं. याला आम्ही ‘आच्छादनाखाली राहणं’ म्हणायचो. बहिणीचं लग्न दुसऱ्या मंडळीतल्या मुलाशी ठरलं, तर वडीलमंडळाने, म्हणजे मंडळीचा कारभार बघणाऱ्या ज्येष्ठांनी, मला बोलावून तासभर उलटतपासणी घेतली. दशमांशाचा, म्हणजे मंडळीला द्यायच्या कमाईच्या दहाव्या हिश्श्याचा, हिशोब विचारला त्या आठवड्यात माझी गायनाची सेवा गेली. रविवारच्या उपदेशात नाव न घेता ‘बंडखोर आत्मा’ आला आणि सगळ्यांच्या माना माझ्या बाकाकडे वळल्या. हे दुखणं मी घरून घेऊन गेलो नव्हतो.

बरं, ‘दुखावलेल्यांचाच’ प्रश्न असेल तर बॉब ममफर्ड यांचं काय? 1970 च्या दशकात अमेरिकेतल्या फ्लोरिडात पाच नामांकित शिक्षकांनी ‘शेफर्डिंग’ चळवळ चालवली. प्रत्येक विश्वासणाऱ्यावर एक खासगी मेंढपाळ, आणि नोकरी, लग्न, पैसा, सगळं त्याच्या सल्ल्याने. ममफर्ड त्या पाचांतले एक. पुढे त्यांनी या शिकवणीबद्दल जाहीर माफी मागितली. ते काही कळपातलं जखमी मेंढरू नव्हते. काठी त्यांच्याच हातात होती.

‘माझ्या अभिषिक्तांना हात लावू नका’ हे त्याच स्तोत्र 105 मधलं वचन तुम्ही माझ्यावर फेकलंत. त्याच्या आधीच्या काही ओळी वाचायचे कष्ट घेतलेत का? तिथे अब्राहाम, इसहाक, याकोब आहेत. मोजकी, उपरी, या राष्ट्रातून त्या राष्ट्रात हिंडणारी माणसं. त्यांच्यासाठी देव राजांना धमकावतो. ताकीद राजांना आहे, आणि तुम्ही ती उचलून राजाच्याच हातात दिलीत. अकरा वर्षं हेच वचन ऐकत मी मान खाली घालून बसलो, म्हणून ते दिसलं की अजून छातीत धडधडतं.

‘अधिकाऱ्यांच्या आज्ञेत राहा’ म्हणणारं इब्री 13:17 मलाही पाठ आहे. त्या अधिकाऱ्यांनाही हिशोब द्यावा लागणार आहे, हेही त्याच वचनात आहे.

बाकी मुद्द्यांवर फार वेळ घालवत नाही. ‘यातली निम्मी लक्षणं कुठल्याही शिस्तीच्या मंडळीला लागू पडतील’ म्हणता. शिस्त आणि धाक यातला फरक तुम्हाला दिसत नसेल तर माझ्या लेखाने तो दिसणार नाही. ‘पाळकांची बाजू ऐकली का?’ विचारायला गेलो होतो. त्याचं काय झालं ते वर लिहिलंय.

शेवटी, माझ्यासाठी प्रार्थना करतोय असं लिहिलंय तुम्ही. जरूर करा. फक्त ‘त्याचे डोळे उघड’ अशी नको. ती प्रार्थना कुणासाठी आणि का करतात हे मला पुरतं ठाऊक आहे. मंडळी सोडून जाणाऱ्या प्रत्येकासाठी सहा वर्षं गटात ती मीच करत होतो.