चमकणारी रेकॉर्ड चांगलीच वाजते?

"जुनी ग्रामोफोन रेकॉर्ड चमकत असेल, ओरखडे नसतील तर बिनधास्त घ्या. खरखर धुतल्यावर जाते. आणि विक्रेत्याने 'व्हेरी गुड' असा शेरा लिहिला असेल तर प्रश्नच नाही." हा सल्ला सगळीकडे फिरतो आहे आणि त्यापायी लोकांचे पैसे वाया जातात.

चमकीचा मुद्दा सर्वांत फसवा. सुई घासते ती खोबणीच्या भिंतींवर, वरच्या सपाट भागावर नाही. म्हणून झिजक्या सुईने वर्षानुवर्षं वाजवलेली रेकॉर्डही काळीभोर दिसू शकते. करडी छटा येते ती झीज फार झाल्यावर. त्याआधी ती फक्त कानाला कळते, तीही आधी लेबलाजवळच्या गाण्यात. एलपीच्या, म्हणजे मिनिटाला 33⅓ फेरे घेणाऱ्या मोठ्या रेकॉर्डच्या, कडेला खोबणी सुईखालून सेकंदाला सुमारे 50 सेंमी सरकते, आत जेमतेम 21. तोच आवाज निम्म्याहून कमी लांबीत मावतो, म्हणून 'स', 'श' आणि चढे सूर तिथे आधी फाटतात. थोडं फाटणं नव्या रेकॉर्डवरही असतं. पण सुई नीट बसवलेली असूनही कडेच्या पहिल्याच गाण्यात जोराच्या जागा फाटत असतील, तर ती बहुधा झीजच. विक्रेत्याला विचारा: दर्जा नुसता बघून ठरवला की वाजवून? दोन्ही बाजूंच्या शेवटच्या मिनिटाचं ध्वनिमुद्रण मागा.

ओरखड्यांचं म्हणाल तर दिसणारे सगळे वाजत नाहीत. कागदी पिशवीच्या केसासारख्या रेघा बहुतेकदा गप्प असतात. नख अलगद फिरवल्यावर अडकलं, तर मात्र टक ऐकू येणारच, दर 1.8 सेकंदाला एक. वीस मिनिटांच्या बाजूवर कडेकडून मध्याकडे गेलेला अर्धा सेंटिमीटरचा आडवा ओरखडा खोबणीचे साधारण 40 फेरे कापतो, म्हणजे सव्वा मिनिट टकटक. खोबणीच्या दिशेने गेलेला छोटासा ओरखडा त्याहून वाईट, कारण तिथे सुई उडते किंवा अडकते. तपासताना रेकॉर्ड एकाच उघड्या बल्बखाली तिरकी धरून फिरवा. ट्यूबच्या पसरट उजेडात बारीक रेघा लपतात.

धुतल्याने धूळ, बोटांचा तेलकटपणा, बुरशी निघते. झीज आणि ओरखडे निघत नाहीत. मऊ पीव्हीसी पिशवीने धरलेला धुरकटपणाही सहसा कायमचाच.

राहिला शेरा. गोल्डमाइन या रेकॉर्ड-संग्राहकांच्या अमेरिकन मासिकाच्या प्रचलित श्रेणीत 'व्हेरी गुड' म्हणजे हळुवार जागी, गाण्याच्या सुरुवातीला आणि शेवटी खरखर स्पष्ट ऐकू येणारी रेकॉर्ड. नुसतं 'गुड' त्याच्याही खाली. शांत संगीत ऐकायचं असेल तर 'व्हेरी गुड प्लस'च्या खाली उतरू नका.