ईस्टर चैत्र पौर्णिमेवर ठरतो म्हणे!

ईस्टर जवळ आला की व्हॉट्सॲपवर तोच फॉरवर्ड फिरायला लागतो, आमच्या म्हापशाच्या दोन ग्रुपांवर तर एकाच दिवशी आला. म्हणे ईस्टर म्हणजे चैत्र पौर्णिमेनंतरचा रविवार, तो आपल्या पंचांगातूनच उचललाय, आणि तारीख दरवर्षी पोप ठरवतो. तिन्ही गोष्टी चूक आहेत.

आधी चैत्र पौर्णिमा बघू. २०२४ ला ईस्टर ३१ मार्चला होता, धुळवड होऊन जेमतेम सहा दिवस झालेले, म्हणजे ती फाल्गुनातली पौर्णिमा झाली ना, चैत्रातली तर २३ एप्रिलला आली! खरा नियम असा की २१ मार्चला किंवा त्यानंतर जी पहिली पौर्णिमा, तिच्या नंतरचा रविवार, आणि पौर्णिमाच रविवारी असली तर त्याच्या पुढचा. म्हणून ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिल एवढ्यातच येतो.

पंचांगातून उचलला म्हणणाऱ्यांनी ज्यू लोकांचा पासओव्हर बघावा, तो त्यांच्या निसान महिन्याच्या पौर्णिमेला येतो आणि येशूला क्रुसावर चढवलं ते त्याच सणाच्या दिवसांत. पौर्णिमा आली ती तिथून.

आणि पोप दरवर्षी काही ठरवत नाही, पौर्णिमेच्या तारखांचा तक्ता ठरलेला आहे, १५८२ च्या कॅलेंडर सुधारणेपासूनचा. तुम्हीच करून बघा, सालाला १९ ने भागा आणि बाकीत १ मिळवा. २०२६ ची बाकी १२, म्हणजे आकडा १३, तक्त्यात त्याच्यासमोर पौर्णिमा २ एप्रिलची, तो गुरुवार, म्हणून ईस्टर ५ एप्रिल. ही पौर्णिमा हिशेबातली, आभाळातली नव्हे, त्यामुळे कधी दोघींचं जमत नाही. २०१९ ला आभाळातली पौर्णिमा २१ मार्चलाच झाली होती पण तक्त्यातली १८ एप्रिलची, म्हणून ईस्टर थेट २१ एप्रिलला गेला.

मला हे लागतं कारण आमचं मिलाग्र सायबिणीचं, म्हणजे म्हापशाच्या चर्चमधल्या मारिया मातेचं, फेस्त (सण) ईस्टरनंतरच्या तिसऱ्या सोमवारी असतं, तेल वाहायला हिंदूही रांगेत असतात, आणि तिची बहीण मानतात ती शिरगावची लईराई देवी, तिची जत्रा वैशाख शुद्ध पंचमीला. दोघींची तारीख एकाच पंचांगातून निघत असती तर क्रम कधी बदललाच नसता. २०२४ ला फेस्त १५ एप्रिलला आणि जत्रा मे महिन्यात, २०२५ ला मात्र जत्रा २ मे ला, चेंगराचेंगरी झाली तीच ती, आणि फेस्त नंतर ५ मे ला.